घड एकच, मग रोज दोन का?

पत्र:

ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. वय ५४, बाग तीन एकर. मुलगी नाशिकला अर्थशास्त्रात एम.ए. करते. दिवाळीत घरी आली, माझी मजुरीची वही चाळली आणि म्हणाली, ‘बाबा, तुम्ही भेदभाव करता.’ मी गड्याला ५०० रुपये रोज देतो, बाईला ३००. गडी आठला येतो, बाई नऊला. सुट्टी दोघांची पाचला, जेवणाचा तास दोघांनाही. फवारणी असली की गड्याला १०० रुपये वर. हा दर मी ठरवलेला नाही, सगळ्या गावाचा आहे. विरळणीला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी कात्रीने काढायला, मला बायकाच लागतात, गड्यांच्या हातून घड नासतात. डिपिंगला, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवायला, दोघेही असतात. मालकीण दिवसभर बायकांबरोबर बागेत असते. अडीनडीला आम्ही उचल देतो, आजवर एकीलाही वावगे बोललो नाही. मग भेदभाव कसा? मुलगी कुणा गोल्डिनबाईंचे नाव घेते, त्यांना नोबेल मिळाले म्हणते. बायकांचे वर्षाला साधारण ४०० रोज भरतात. दर वाढवला तर परवडेल का, आणि गावाला काय सांगू? डिपिंग तोंडावर आले आहे, म्हणून लिहितोय.

उत्तर:

भाऊ, नमस्कार.

मुलीने वही चाळून एवढा मोठा शब्द वापरल्यावर बापाला राग येणारच. तुम्ही राग गिळून पत्र लिहायला बसलात आणि वहीतले आकडे जसेच्या तसे लिहून पाठवलेत, याचे मला फार अप्रूप वाटले. म्हणून उत्तरही त्या वहीतूनच देते.

आधी हिशोब मांडू. गडी आठ ते पाच, जेवणाचा तास वजा, म्हणजे आठ तास. ५०० ला आठाने भागले की तासाला साडेबासष्ट रुपये पडतात. बाई नऊ ते पाच, म्हणजे सात तास. ३०० ला साताने भागले की ४३ रुपयेसुद्धा पुरे होत नाहीत. आता गड्याचाच तासाचा दर बाईला लावून बघा. सात तासांचे ४३७ रुपये ५० पैसे होतात. म्हणजे तुमच्या दोन दरांत जो २०० रुपयांचा फरक आहे, त्यातले ६२ रुपये ५० पैसे त्या एका तासाचे. बाई तासभर उशिरा येते, तुम्ही तेवढे कमी देता, यात कुणी बोट ठेवू नये. उरले १३७ रुपये ५० पैसे. ते कशाचे?

जड कामाचे म्हणाल, तर फवारणीचे १०० रुपये तुम्ही वेगळे मोजताच. ते या ५०० मध्ये नाहीत. हातातल्या कसबाचे म्हणाल, तर विरळणीला बायकांचाच हात लागतो असे तुम्हीच लिहिले आहे. आणि डिपिंगला तर काही बोलायलाच जागा नाही. एका ओळीत एका बाजूने गडी चाललेला, दुसऱ्या बाजूने बाई. दोघांच्या हातात तोच जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या, पाण्याचा मग. घड बुडवायचा, हलकेच झटकायचा, पुढचा घ्यायचा. संध्याकाळी कोणता घड कुणी बुडवला हे बाग बघून तुम्हाला सांगता येणार नाही.

तुमच्या मुलीला विचारा, हीच रीत तिच्या अभ्यासक्रमात असेल. १९७३ साली रोनाल्ड वाहाका आणि ॲलन ब्लाइंडर या दोन अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, पगारातल्या फरकाची अशीच फोड करून दाखवली. तास, शिक्षण, अनुभव, कामाचा प्रकार यांमुळे पडणारा फरक एका बाजूला काढायचा. मग जो उरतो, ज्याला कारण सापडत नाही, तो दुसऱ्या बाजूला. त्या उरलेल्यातला रुपया न् रुपया भेदभावाचाच असतो असे नाही, कधी मोजायचे काहीतरी राहून गेलेले असते. पण तुमच्या बागेत मोजायचे राहिले आहे तरी काय? मला शोधून सापडले नाही.

आता तुम्हाला लागलेला शब्द. तुम्ही म्हणता, माझ्या मनात बायकांबद्दल वाईट नाही. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. भेदभाव म्हटले की आपल्याला मनातला आकस आठवतो. अर्थशास्त्रातही गॅरी बेकर यांनी १९५७ साली भेदभावाची मांडणी केली ती अशाच आकसाच्या अंगाने: मालकाला एखाद्या गटातली माणसे नकोशी वाटतात, म्हणून तो त्यांना घेत नाही किंवा कमी देतो, आणि त्यात त्याचे स्वतःचेही नुकसान होते. त्यांचा हिशोब असा, की ज्याच्या मनात आकस नाही तो दुसरा मालक तीच चांगली माणसे स्वस्तात घेईल, बाजारात पुढे जाईल, आणि स्पर्धेत हा फरक हळूहळू बुजत जाईल. तुमच्या गावात तो का बुजला नाही? विरळणीच्या आठवड्यात सगळे शिवार बायकांच्या मागे धावत असते, तरी दर ३०० च्या पुढे सरकत नाही. तेव्हा आकसाने इथले कोडे सुटत नाही.

ते सुटते तुमच्या दुसऱ्या एका अनुभवाने. तुमचा माल तयार झाला आहे असे धरा. साखर भरली आहे, मणी टच्च झाले आहेत, वर आभाळ भरून येते आहे. त्या आठवड्यात शिवारात एकच व्यापारी उतरला. तो म्हणतो, या भावाने देत असाल तर उद्या गाडी लावतो. भाव कमी आहे हे तुम्हाला कळते, त्यालाही कळते. पण द्राक्ष काही ज्वारी नव्हे, की पोत्यात भरून ठेवता येईल. दोन रात्रींत पाऊस आला तर मणी तडकतील. तुम्ही देऊन टाकता. त्या व्यापाऱ्याच्या मनात तुमच्याबद्दल काही वाईट असते का? मुळीच नसते. तो चहा पितो, पोरांची चौकशी करतो. त्याला एवढेच ठाऊक असते की तुम्हाला आज दुसरीकडे जाता येणार नाही. त्याने दिलेल्या भावात तुमच्या मालाची किंमत थोडी आणि तुमच्या अडचणीची किंमत जास्त असते.

केंब्रिजच्या जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली मजुरीच्या बाबतीत हेच मांडले. घेणारे मोजके असले आणि विकणाऱ्याला हलायला जागा नसली की मजुरी कामाच्या मोलाच्या खाली राहते. शिवाय एकाच कामाला दोन प्रकारचे मजूर असतील, त्यातल्या एकांना सहज दुसरीकडे जाता येत असेल आणि दुसऱ्यांना येत नसेल, तर मालकाच्या मनात काही असो वा नसो, ज्यांना जाता येत नाही त्यांना कमीच मिळते. त्यांनी उदाहरण बाई आणि पुरुष मजुरांचेच घेतले होते.

आता तुमच्या गावातल्या गड्याकडे बघा. त्याला ५०० मिळाले नाहीत तर तो पिंपळगावला बाजार समितीत हमालीला जाईल, ओझरला जाईल, नाशिकला एखाद्या बांधकामावर जाईल, टेम्पोवर बसेल. मोटारसायकल काढली की सुटला. त्याला बागेत ठेवायचे तर या सगळ्यांच्या बरोबरीने दर द्यावा लागतो. बाईला यातले काय खुले आहे? ती नऊला येते, कारण त्याआधी तिचा स्वयंपाक, पाणी, डबे, पोरांची शाळा झालेली असते. पाचला तिला निघावेच लागते, कारण पुढची पाळी घरात उभी असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, स्वतःच्या घरचे बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटे. पावणेपाच तासांहून जास्त घराला बांधलेली बाई पायी जाता येईल त्या बागेतच कामाला जाणार. सुरगाणा, पेठकडून टोळीने येणाऱ्या बायकांचे तर आणखी कठीण. उचल आधीच घेतलेली, मुकादम सांगेल ती बाग, बरोबर तान्हे पोर. त्यांनी कुठे जावे?

भाऊ, त्या १३७ रुपयांची मला सापडलेली फोड ही अशी आहे. तुम्हाला तो एकच व्यापारी नको वाटतो ना? त्या बाईच्या बाजूने पाहिले, तर गावातले सगळे बागायतदार मिळून तो एकच व्यापारी आहेत. ‘हा दर मी ठरवलेला नाही, गावाचा आहे,’ हे तुमचे वाक्य शंभर टक्के खरे आहे आणि अडचण नेमकी तिथेच आहे. मजुरी वाढू नये याबद्दल मालकांमध्ये एक न बोललेला करार कायम असतो, असे ॲडम स्मिथने १७७६ साली लिहून ठेवले आहे. गावाचा दर म्हणजे तोच करार. तो कुठल्या बैठकीत ठरत नाही, म्हणून कुणाला त्याची जबाबदारी घ्यावीशी वाटत नाही.

कुणी म्हणेल, बायकांना काम हलके असते. हा मुद्दा मला फार जवळचा आहे. माझी मावशी तासगावला बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर जाऊन बसले आहे. समोर बेदाण्याचा ढीग. काळा वेगळा, फुटका वेगळा, देठाचा वेगळा, आणि हिरवट सोनेरी, सगळ्यात मोठा तो वेगळा. बोटे अशी चालायची की मला तिचे निवडणे दिसायचे नाही, चार ढिगाऱ्यांचे वाढणे तेवढे दिसायचे. संध्याकाळी बोटे चिकटून एकमेकांना धरायची, मान वळायची नाही. मालाला भाव मिळायचा तो त्या निवडीवर. पण दर शनिवारी पेट्या उचलणाऱ्या गड्याच्या हातात तिच्यापेक्षा जास्त पडायचे, आणि मावशी म्हणायची, ‘आमचं काय, बसून काम.’ ती स्वतःच तसे म्हणायची. अजून ते आठवले की मला गलबलून येते.

तुमच्या बागेतही छाटणी कसबाची धरतात. कात्री कुठल्या डोळ्यावर मारायची याला डोळा लागतो, म्हणून छाटणीवाल्याचा मान वेगळा, दर वेगळा. विरळणीलाही कात्रीच लागते. कोणता मणी ठेवायचा, कोणता काढायचा, घडाचा आकार कसा राखायचा, कात्रीचे टोक शेजारच्या मण्याला लागू द्यायचे नाही, याला डोळा लागत नाही का? ते काम हलके ठरले, कारण ते बायका करतात. इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या मिलिसंट फॉसेट यांनी १९१८ साली याच्याच मुळाशी हात घातला होता. बायकांना मोजक्या कामांत कोंबायचे, बाकीची दारे बंद ठेवायची. मग त्या मोजक्या कामांत गर्दी होते आणि तिथला दर पडतो. पुढे लोक उलट बोलू लागतात, की कामच कमी मोलाचे.

आणखी एक बोलणे तुमच्या कानावर येईल: घर नवऱ्याच्या मजुरीवर चालते, बाईचे वरखर्चाला. हे मला कधीच पटलेले नाही. वीस वर्षांच्या लग्न न झालेल्या पोराला तुम्ही ५०० देताना त्याच्या घरात किती तोंडे आहेत हे विचारता का? आणि टोळीत एखादी एकटी बाई असेल, तीन लेकरांना एकटीने वाढवणारी, तिला घर चालवायचे म्हणून ५०० देता का? तिलाही ३००च मिळतात.

गोल्डिनबाईंचे थोडे सांगते, म्हणजे मुलीशी बोलताना उपयोगी पडेल. क्लॉडिया गोल्डिन हार्वर्डला शिकवतात, २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना एकट्यांना मिळाले. अमेरिकेतल्या २०० वर्षांच्या नोंदी धुंडाळून त्यांनी बायकांच्या कमाईचा इतिहास उभा केला. आज तिथे शिकलेल्या मुलामुलींचे पगार नोकरीच्या सुरुवातीला जवळपास सारखे असतात. फरक वाढू लागतो पहिले मूल झाल्यावर, कारण ज्या नोकऱ्या रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला फार जास्त पैसे देतात, तिथे आई मागे पडते. तुमची मुलगी उद्या पुण्या-मुंबईत नोकरीला लागली तर हे तिच्या वाट्याला येऊ शकेल, म्हणून ती ते जीव तोडून वाचत असणार. पण बागेतल्या मजुरीला ही मांडणी अर्धीच लागू पडते. घराला बांधलेला वेळ, एवढा भाग तोच. डिपिंगला मात्र उशिरापर्यंत थांबल्याचे कुणी दुप्पट देत नाही, तिथे आपल्याला रॉबिन्सनबाईच जास्त कामाच्या. मुलीला हे सांगून बघा. ती वाद घालेल, घालू द्या.

हे बदलते का? आपल्याच महाराष्ट्राने ते पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामावर बाईचा दर आणि पुरुषाचा दर असे दोन दर नव्हते. माती किती खणली, खडी किती फोडली, त्या मोजमापावर मजुरी. पाटील-मालकाकडे न जाता पैसे मिळवायची दुसरी जागा बाईला पहिल्यांदा मिळाली. पुढे देशभर रोजगार हमी लागू झाली, तेव्हा तिच्यामुळे शेतमजुरीही वाढल्याचे अभ्यासांत दिसले. बाईला दुसरीकडे जाता येऊ लागले, की तिच्या कामाचा दर वाढतो.

कायद्याचे थोडक्यात. समान वेतनाचा कायदा आपल्याकडे १९७६ पासून होता. आता २०१९ ची वेतन संहिता त्याच्या जागी आली आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. एकाच किंवा सारख्या कामाला स्त्री-पुरुष म्हणून वेगळे वेतन देता येत नाही, आणि बरोबरी करायची म्हणून गड्याचा दर खाली आणता येत नाही. किमान वेतनातही बाईचा दर वेगळा नसतो. ‘परवडत नाही’ हे उत्तर तर आपल्या मुंबईच्याच खटल्यात निकालात निघाले आहे. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत लेडी स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार होता. ऑड्री डिकोस्टा नावाच्या स्टेनो लढल्या. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कंपनीची आर्थिक ओढाताण हे कारण चालणार नाही. तुमच्या बागेवर कुणी इन्स्पेक्टर येईल म्हणून मी हे लिहीत नाही. तुम्ही सरळ माणूस आहात, कायदा कुठे उभा आहे ते तुम्हाला माहीत असावे.

पण परवडण्याचा प्रश्न मी टाळणार नाही. ४०० रोज, प्रत्येकी १३७ रुपये ५० पैसे. वर्षाचे ५५ हजार होतात. तीन एकरवाल्याला ही रक्कम लहान नाही. औषधे, खते, पेस्ट, पेट्या, सगळे तुम्ही दुकानदाराच्या भावाने घेता आणि माल व्यापाऱ्याच्या भावाने देता. दोन्हीकडून तुम्ही दबलेले आहात, आणि या साखळीत तुमच्यापेक्षा कमी बळाची एकटी ती बाईच उरते, म्हणून बचत तिच्यात होते. तुमची दया येते तशी तिचीही येऊ द्या, एवढेच म्हणेन.

करायचे काय ते सांगते. या डिपिंगपासून रोज मोडा आणि तासाचा दर लावा, साडेबासष्ट, दोघांनाही. जिला आठला येणे जमेल तिचे पूर्ण ५०० होतील, जिला नऊलाच जमते तिचे साडेचारशेच्या आत राहतील. फवारणीचे वरचे १०० चालू ठेवा, ते खऱ्या जास्तीच्या त्रासाचे आहेत. एखादी बाई फवारणी करत असेल तर तिलाही द्या. विरळणीला हाच दर. एकदम जमणार नाही असे वाटले, तर डिपिंग आणि विरळणी या हंगामात करा, बाकीची कामे एप्रिलच्या खरड छाटणीपासून. टोळी मुकादमामार्फत येत असेल, तर वाढीव पैसे बाईच्या हातात पडतात की वाटेत अडकतात ते स्वतः बघा. पैसे बाईच्या हातात द्या, मुकादमाचे कमिशन वेगळे. विरळणी उक्ती देऊ नका. घाईत घड बिघडतील आणि दोष बायकांवर येईल.

गावाचे म्हणाल, तर पहिल्या आठवड्यात बांधावर कुणीतरी येईल, ‘दर बिघडवला’ म्हणेल. त्याला वहीतला हिशोब दाखवा, कायदा आणि नीती नंतर. एक फायदा तुम्हाला लगेच दिसेल: विरळणीला सगळ्यांना एकाच वेळी बायका लागतात, तेव्हा तुमच्या बागेत त्या आधी येतील. शेजाऱ्यांनी दर वाढवला की हा फायदा संपेल. संपू द्या. शेजारच्या दोघांना आधीच विश्वासात घेता आले तर उत्तम, पण त्यांच्यासाठी थांबू नका.

शेवटचे एक राहिले. ‘मालकीण दिवसभर बायकांबरोबर बागेत असते,’ असे तुम्ही लिहिलेत. वहीत तिचा रोज कुठे आहे? तुमचाही नसेल, मला माहीत आहे. पण बाग तुमच्या नावावर आहे आणि मालाची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, तुमच्या खात्यात जमा होते. चांदवड तुमच्यापासून लांब नाही. १९८६ साली तिथे शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. कदाचित तुमच्या नात्यातही कुणी असेल. सातबाऱ्याचे तुम्ही दोघे बसून ठरवा. तोवर डिपिंगच्या पहिल्या दिवशी वहीचे नवे पान उघडाल तेव्हा गडी आणि बाई असे दोन रकाने पाडू नका. नाव, तास, रुपये एवढेच तीन पाडा, आणि पहिल्या ओळीत मालकिणीचे नाव लिहा. आठ तास, ५०० रुपये.